रीमच्या पिशवीत बोंबील नकोत, मॅगी

मॅगी,

तू गेलीस यावर माझा अजून विश्वास नाही. चर्चमध्ये पेटीत तुला पाहिलं, कपाळाला हात लावला, तुझ्या डोक्याशी लावलेली मेणबत्ती खाडीच्या वाऱ्याने विझू नये म्हणून पदर आडवा धरून उभी राहिले. सगळं केलं. तरी मंगळवारी सकाळी तुझ्या मासळीसाठी परात घेऊन दारात जाऊन बसलेच. सूनबाईने माझ्या मांडीवरून परात हळूच उचलली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. मला तिचा राग आला. तुझा त्याहून जास्त आला.

भांडण अर्धं टाकून कोणी जातं का?

तू जायच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्याकडून रीमची पिशवी उचललीस आणि रिक्षाने स्टेशनवर, सुदानला निघालेल्या हिबाच्या हातात नेऊन दिलीस. संध्याकाळी तुझा फोन आला. पिशवी पोचली म्हणालीस आणि मग उगीचच, सहज बोलल्यासारखं, "मूठभर सुके बोंबील घातले असते तर काय बिघडलं असतं गो?" झालं, माझं डोकं सणकलं. हजारदा सांगितलं होतं तुला की तिकडे बंदरावर प्रत्येक पिशवी उघडतात, वासाचं काही सापडलं की सगळी पिशवी बाजूला टाकतात, आणि त्या पिशवीत रीमचा जीव आहे. मी विचारलं, घातले नाहीस ना? तू म्हणालीस, "न्हाय गो. तुझी शपथ." तरी मी बोलतच राहिले. सत्तरी उलटली तरी जिभेला लगाम नाही. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आता फोन ठेव, कुंदाबाय. मना वाटण वाटायचं हाय. उद्या भांडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, वर तुझंच नाव. मी उचलला आणि म्हटलं, "बोल, कुठे थांबलो होतो आपण?" पलीकडे तुझा अँथनी रडत होता. बोंबील वाळत घालायला गेलीस, बांबूवर अर्धी रांग टांगलीस, "जरा टेकते" म्हणालीस आणि टेकलीस ती टेकलीसच. मी त्याला म्हटलं, आईला फोन दे. दोनदा म्हटलं. त्या पोराने दोन्ही वेळा "आंटी, मम्मी गेली" असं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज शांत झाला होता, लहान मुलाला समजावताना होतो तसा.

तुझ्या पेटीपाशी वाकले तेव्हा लोकांना वाटलं मी प्रार्थना करतेय. मी तुझ्या कानाशी विचारत होते, "घातलेस का गं खरंच?"

तुझी शपथ मला पटली नव्हती. चाळीस वर्षं तू माझी शपथ घेऊन मला मासे विकलेस, तिची किंमत मला ठाऊक आहे.

ती चाळीस वर्षांपूर्वीची मी आठवते का तुला? परळहून भाईंदरला नवीन आलेली, हातावर घड्याळ, नाकावर रुमाल, आणि तोंडात एकच वाक्य, मी रत्नागिरीची, मला मासे शिकवू नकोस. तू पाटी उतरवलीस. मी सगळ्यांत चकचकीत दिसणारं पापलेट उचललं. तू म्हणालीस, ते नको, त्याच्या शेजारचं घे. मला वाटलं, ही चांगला मासा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखतेय. मी हट्टाने तेच घेतलं, वर चार आणे पाडून घेतले, आणि संध्याकाळी नवऱ्याने पहिला घास तोंडातून काढून ताटात ठेवला. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. नुसती हसेन. दुसऱ्या दिवशी तू आलीस, पायरीवर बसलीस आणि विचारलंस, "कसं हुतं पापलेट, रत्नागिरीवाली?" मी म्हटलं, छान होतं. तू हसून हसून पाटीला धरून बसलीस. तिथून आपलं जमलं.

पण हे सगळं तुझ्या लेकरांना ठाऊक आहे. मला तुझ्याशी बोलायचंय ते रीमबद्दल. जी गोष्ट आपण दोघींनी मिळून केली आणि जिच्याबद्दल तुझ्या चौक गावातल्या लोकांना वाटायचं की म्हातारीला वेड लागलंय.

आमच्या वरच्या मजल्यावर सुदानचं एक कुटुंब भाड्याने राहायला आलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन होतं इथल्या इस्पितळात. बायको सलमा, आणि मुलगी रीम, दुसरी-तिसरीतल्या पोरीएवढी. सलमाला हिंदी येत होतं थोडं, टीव्हीवरून शिकलेलं. तू मासे घेऊन यायचीस तेव्हा ती जिन्यात यायची आणि सुके बोंबील हुंगायची. तिच्याकडे म्हणे नाईलच्या माशाला खारवून मुरवतात, त्याचा वास असाच असतो. तू तिला बोंबील भाजून दाखवलेस. तिने खाल्ले आणि डोळ्यांत पाणी आणलं. तिखटाने असेल. तू मात्र कायम सांगत आलीस की घराच्या आठवणीने.

आणि मग तो दिवस. रीम जिन्यात खाली पडलेली. श्वास कसा तरी चाललेला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. मी काय केलं? मी कांदा आणायला आत पळाले. हुंगवायला. माझ्या शहाणपणाची हीच कथा आहे. तू डोक्यावरची पाटी तिथेच टाकलीस. सुरमई, कोळंबी, मांदेली, सगळं जिन्यावरून खाली. पोरीला छातीशी धरलंस आणि रिक्षात बसलीस, सलमा मागून अनवाणी धावत. इस्पितळात कळलं की पोरीला साखरेचा आजार आहे आणि आयुष्यभर इन्सुलिन लागणार. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाताला लागली नसती.

इकडे इमारतीतली झाडून सगळी मांजरं जिन्यात. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं की यापुढे मासेविक्रेत्यांनी जिना वापरू नये. तू तो फळा माझ्याकडून वाचून घेतलास आणि पुढचं वर्षभर लिफ्टने आलीस.

त्या दिवसापासून रीम तुझी झाली. ती तुला मच्छी अम्मा म्हणायची. सुई टोचून घेताना रडायची नाही, तुझ्या लुगड्याचा काठ दातात धरायची. तुझं ते हिरवं लुगडं, काठाला दातांच्या खुणा पडलेलं. परत जाताना विमानतळावर तिने तो काठ सोडला नाही, आणि तू, नवऱ्याच्या मयताला न रडलेली बाई, तिथे सगळ्यांसमोर भोकाड पसरलंस.

त्यांच्याकडे लढाई सुरू झाली तेव्हा मी बातम्या बघत होते आणि मला खार्तूम कुठे आहे हे नातीला विचारावं लागलं. तुला विचारावं लागलं नाही. तू सकाळीच दारात हजर. पाटी नाही, नुसती तू. "आपली छोकरी कुठे हाय?" एवढंच. बऱ्याच दिवसांनी सलमाचा आवाज आला मोबाईलवर. घर सोडून पूर्वेकडच्या गावात नातेवाइकांकडे पळाले होते. नवरा वाटेतच गेला होता. इस्पितळं बंद, औषधांची दुकानं लुटलेली. हिंदीत म्हणाली, "इन्सुलिन थोडा है. आधा देती हूँ." आधा देती हूँ. ते ऐकल्यावर तू माझ्या ओट्यावरचा डबा उचलून परत खाली ठेवलास, मग पुन्हा उचललास. डब्यात रवा होता. तुला काही नको होतं त्यातलं.

मी म्हटलं, हे आपलं काम नाही, मोठ्या संस्था असतात त्यासाठी. मी फोन लावले. सगळे चांगलं बोलले. म्हणाले, माल जातोय, पण बंदरावर अडकतोय, आणि एका मुलीपर्यंत पोचवणं आमच्या हातात नाही. मी फोन ठेवून तुला ते समजावून सांगितलं, नीट, मुद्देसूद. तू म्हणालीस, "पाटी घरोघर नेतात, कुंदाबाय. बंदरावर ठेवून कोण खातंय?"

मग सापडली ती पोरगी, हिबा. पुण्यात औषधशास्त्र शिकणारी. सलमाच्या गावातल्या कुणाची तरी भाची. सुट्टीला घरी जाणाऱ्या मुलांबरोबर तिकडचे लोक औषधं मागवतात, हे तिने सांगितलं. डॉक्टरांनी रीमच्या नावाची चिठ्ठी दिली, दुकानातून इन्सुलिन आणलं, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, कापूस, जुलाबावरची पावडर. थंड ठेवायची ती बाटल्यांची पेटी हातात, बाकीचं मोठ्या पिशवीत. पोर्ट सुदानला हिबाचा भाऊ, तिथून बसने पुढे. अशी साखळी.

आणि पहिल्याच खेपेला आपण काय केलं, मॅगी? आपण दोघी, एक रत्नागिरीची, एक चौकची, आयुष्य माशात गेलेल्या. आपण इन्सुलिन माशासारखं भरलं.

थर्माकोलची पेटी, खाली बर्फ, त्यावर बाटल्या, वर बर्फ. आणि वर तू मूठभर जाडं मीठ पेरलंस. मुर्ध्याच्या मिठागरातलं, तुझ्या माळ्यावर जपून ठेवलेलं. मीठ घातलं की बर्फाचा गारवा वाढतो, पापलेट दगडासारखं राहतं, हे तुला आईने शिकवलेलं. मीही मान डोलावली. मी म्हटलं, अजून घाल. हिबा संध्याकाळी आली, तिने पेटी उघडली, एक बाटली उजेडाकडे धरली आणि तशीच खाली बसली. सगळं गोठलं होतं. खरंच दगडासारखं. तू म्हणालीस, ऊन दाखवते, वितळंल. तिने सांगितलं, वितळेल, दिसेलही पहिल्यासारखं, पण आतून मेलेलं असेल. गारवा हवा, गोठवायचं नाही, बर्फ बाटलीला लागताही कामा नये.

तिचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं. ती मोठी पिशवी घेऊन गेली. इन्सुलिन नाही.

पुढचा जाणारा माणूस मिळेपर्यंत आपण दोघींनी जे दिवस काढले ते मी कुणाला सांगितले नाहीत. सलमा कळवत होती, पोर उठत नाही, पाणी पाणी करते. तू यायचीस आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचीस, भिंतीला टेकून, चहा गार होईपर्यंत. एकदाच विचारलंस, "जगंल ना गो?" मी होय म्हटलं. मला काय माहीत होतं? पण तू लगेच उठून चहा प्यायलीस, म्हणून मी दुसऱ्या दिवशी न विचारताही होय म्हटलं.

जगली. कुठल्या तरी दवाखान्यात शेवटच्या चार बाटल्या मिळाल्या म्हणून जगली. मग आपली दुसरी खेप पोचली, तिसरी पोचली. नंतर आपण हुशार झालो. बर्फाऐवजी गार पाण्याच्या पिशव्या, मध्ये टॉवेल. तिकडे वीज नाही, म्हणून सलमा बाटल्या मातीच्या रांजणात ठेवते, रांजणाभोवती ओलं फडकं गुंडाळते. आपल्या माठासारखंच. तुला ते कळलं तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ, मिठाची गरजच नव्हती. तूच म्हणालीस अजून घाल." मी म्हटलं, मूठ कुणाची होती? त्यावरून आपण दोन वर्षं भांडलो. कधी बसस्टॉपवर, कधी तुझ्या नातवाच्या बाप्तिस्म्यात. मी तुला टोमणा मारायचे, की बोंबलाला मीठ लागत नाही, नुसतं ऊन पुरतं, आणि औषधाला मात्र मीठ लागलं होय? हे भांडण मला संपवायचंच नव्हतं. त्या विनोदाखाली काय होतं ते दोघींना माहीत होतं. भांडत होतो तोवर ते वर येत नव्हतं.

तर आता शेवटची खेप. तुझ्या मयताच्या संध्याकाळी हिबाच्या भावाचा निरोप आला. पिशव्या बंदरावर पोचल्या, पण पुढचा रस्ता बंद, बस जात नाही. मग एक दिवस निरोपच नाही. मग कळलं, तपासणी चालू आहे. मॅगी, त्या वेळी मी तुझ्या फोटोसमोर बसले होते, अँथनीने मोठा करून आणलेला, त्यात तू कुणाच्या तरी लग्नात हसतेयस. आणि मी मनात तुला शिव्या देत होते. घातले असशील तर बघ, म्हणत होते. मेलेल्या माणसाशी असं बोलत नाहीत. पण पोरीकडे थोडंच उरलेलं होतं आणि मला तुझी शपथ आठवत होती.

सलमा रोज विचारत होती, मच्छी अम्मा का बोलत नाही? तुला लिहिता येत नव्हतं, तू आवाजाचे निरोप पाठवायचीस, लांबलचक, मध्येच कोंबडीला हाकलत. ते थांबल्यावर तिला कळायलाच हवं होतं. मी सांगितलं, तिचा घसा बसलाय. सूनबाई म्हणाली, आई, किती दिवस बसणार घसा? मी म्हटलं, पिशवी पोचेपर्यंत. त्या बाईच्या डोक्यावर एका वेळी किती ठेवायचं?

काल चर्चमध्ये तुझ्यासाठी सातव्या दिवसाची प्रार्थना, मिस्सा होती. मिस्सा संपली, आम्ही सगळे तुझ्या अंगणात जेवायला बसलो होतो. तुझ्या सुनेने माशाचं आंबट कालवण अगदी तुझ्यासारखं केलं होतं. म्हणजे मीठ जास्त. मोबाईल वाजला. सलमाने फोटो पाठवला होता.

पहिल्यांदा बाटल्या दिसल्या, स्वच्छ, नितळ, एकही फुटलेली नाही. मग कापसाचं मोठं बंडल, उघडलेलं, आणि त्याच्या पोटात हिरवं काही तरी गुंडाळलेलं. मी चष्मा पुसला. हिरवं लुगडं. दातांच्या खुणांचा काठ. आणि त्यात, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेले, तुझे बोंबील.

मी हसले, मॅगी. तुझ्या अंगणात, तुझ्या दुखवट्याच्या जेवणात, भाताचा घास तोंडात असताना मोठ्याने हसले. लोक बघायला लागले. अँथनी धावत आला, त्याला वाटलं ठसका लागला. मी त्याला फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "मम्मीने हे लुगडं तिकडे पाठवलं तर. आदल्या संध्याकाळी दिसलं नाही तेव्हा मी म्हटलं, वाळत घातलेलं उडालं असेल. ती म्हणाली, हां, उडालं."

म्हणजे तू त्यालाही फसवलंस.

खोटारडी. माझी शपथ घेऊन मेलीस. मी आता किती दिवस जगते ते तुझ्या पापावर आहे.

मग मात्र मला सांगावंच लागलं. तुझ्या घराच्या मागे गेले, बांबूंकडे. तू टांगलेली ती अर्धी रांग कोणी काढली नव्हती, कडक वाळली होती. तिथून फोन लावला. सलमा बोलतच सुटली. तपासणीवाल्याने कापूस हुंगला, तोंड वाकडं केलं आणि पिशवी तशीच ढकलून दिली, जखमेच्या जुन्या पट्ट्या समजून. घरभर वास सुटलाय. शेजारणी विचारायला आल्या, मासा कुठून आला या दिवसांत? भाजले, सगळ्यांनी वाटून खाल्ले. अम्माला फोन दे, म्हणाली, मला तिला ओरडायचंय.

मी सांगितलं.

ती पुन्हा म्हणाली, अम्माला फोन दे. मी पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज अँथनीसारखा शांत झाला होता हे माझं मलाच ऐकू आलं. मग फोन रीमने घेतला. किती मोठी झालीय गं. आवाज पार बाईचा. हिंदी विसरलीय, मोडकंतोडकं बोलते. रडली नाही. तिने एवढंच सांगितलं की ते हिरवं कापड आईने धुवायला घेतलं होतं, तिने धुवू दिलं नाही. ओलं करून रांजणाला गुंडाळलंय. इन्सुलिनच्या रांजणाला. दुपारी ऊन चढलं की ती स्वतः त्यावर पाणी शिंपडते.

मी विचारलं, गार राहतं का?

"रहता है, दादी," म्हणाली. "लेकिन मछली का बास नहीं जाता."

मी म्हटलं, "नहीं जाएगा."